मामाने पास केलेला लॅपटॉप

सुरू

मामाने एकदा 'पास' म्हटलं की त्या घरात पुढे कुणी प्रश्न विचारत नसे.

मामा लिफ्टचा तपासनीस. उंच इमारतींच्या गच्चीवर ज्या बुटक्या खोल्या असतात, त्यांत वाकून शिरायचं, तारांचे दोर चाचपायचे, ब्रेक लावून बघायचा, डबा दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून तो घसरत नाही ना याची खात्री करायची, आणि सगळं मनासारखं असेल तरच सही ठोकायची, हा त्याचा धंदा. त्याच्या सहीचा कागद लिफ्टमध्ये काचेमागे लागायचा. मग म्हातारे, पोटुशा बायका, दप्तरं घेतलेली पोरं त्या कागदाकडे ढुंकूनही न बघता निर्धास्त वर जायची. ढुंकून बघत नाहीत यातच सहीचा मान आहे, असं मामा म्हणायचा.

म्हणून त्याच्या बहिणीच्या, ताईच्या घरी एक रीतच पडून गेली होती. जुना फ्रिज घ्यायचा, सेकंडहँड सायकल घ्यायची, कुणाचं वापरलेलं शिलाई मशीन स्वस्तात मिळतंय, तर आधी मामाला बोलवा. वस्तू जेवणाच्या टेबलावर ठेवायची. टेबलावर मावत नसेल तर टेबल बाजूला सारायचं. सगळे गोल करून उभे राहायचे. मामा चष्मा नाकावर खाली ओढायचा, वस्तू उलटी करायचा, कानाशी नेऊन हलवायचा, आणि ताईच्या चेहऱ्याकडे बघून निकाल सांगायचा.

"लग्नाआधी मलासुद्धा यांनी असंच हलवून बघितलं होतं," भाऊजी म्हणायचे. "तेवढं एकच सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

"तेव्हा हा नवशिका होता," ताई म्हणायची.

भाऊजी एका मोठ्या गोदामाचे व्यवस्थापक. गोदामाचा एक नियम होता आणि तो त्यांनी घरीही आणला होता. माल दारात तपासला जातो. शिक्का पडून आत आला म्हणजे चांगला. त्यानंतर मोडला, फुटला, तर ज्याच्या हातात फुटला तो जबाबदार. त्यात वाद नाही, रडारड नाही. घरात कप फुटला तरी भाऊजी एवढंच विचारत, "कुणाच्या हातात होता?"

त्या घरात शिक्का मारणारा मामा होता.

आणि टिटवी ही भाची. नाव मामानेच ठेवलेलं. पाळण्यात होती तेव्हा तिचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू जायचा, आणि मोठी झाली तरी तोंडाचा पट्टा थांबला नव्हता. तिला आवाजांचं वेड. गळका नळ, खुर्चीचा पाय, उकळत्या दुधाचा शेवटचा क्षण, सगळं फोनवर रेकॉर्ड करायची. एकदा बापाचं घोरणं रेकॉर्ड करून त्यावर आगगाडीची शिट्टी चढवली आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवली. भाऊजी चिडले, पण त्यांनी ते स्वतः तीनदा ऐकलं. ध्वनिमुद्रण शिकायचं, दुसऱ्या शहरात जाऊन शिकायचं, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यासाठी लॅपटॉप हवा होता. मामाने नुकताच नवीन घेतला होता, जुना घरात पडून होता.

तर एका रविवारी तो जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला. मामाने झाकण उघडलं. हात नेहमीसारखे ठेवले. पडदा उजळला. त्याने एक फाईल उघडली, एक गाणं वाजवलं, आवाज वाढवला, कमी केला.

"पास," मामा म्हणाला.

टिटवीने एवढ्या जोरात टाळी वाजवली की ताईने हातातला डाव टेबलावर टाकला.

मामाचा डावा अंगठा त्या सगळ्या वेळात बिजागरीजवळच्या डाव्या कोपऱ्यावर दाबलेला होता. हे टेबलाभोवतीच्या कुणी पाहिलं नाही. मामानेही पाहिलं नाही. खरंच पाहिलं नाही. ही गोष्ट पुढे कितीही वाईट झाली तरी एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. कारण त्याच्या बाजूने लिहिण्यासारखं यानंतर फारसं

बंद

काही नाही.

घरी परत जाताना बसमध्ये मामी खिडकीशी बसली होती. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती, आणि शोधता शोधता म्हणाली, "अहो, तिला अंगठ्याचं सांगितलंत ना?"

"कसलं अंगठ्याचं?"

"तो कोपरा दाबून धरावा लागतो ते. मी एकदा बिल भरायला घेतला होता, तर डोळे मिटल्यासारखा सारखा बंद पडत होता. तुम्हीच नाही का येऊन दाबलात?"

मामाचा डावा हात मांडीवर होता. त्याने अंगठ्याकडे बघितलं. अंगठ्याच्या पेराला एक बारीक घट्टा होता. पेन धरून होतो तसा, पण पेन तो उजव्या हाताने धरायचा.

गोष्ट अशी होती. वॉरंटी अजून चांगली शाबूत असताना एक दिवस पडदा काळा झाला होता. मामाने इकडे दाबून बघितलं, तिकडे दाबून बघितलं, आणि डाव्या कोपऱ्यात दाबल्यावर जीव परत आला. वॉरंटी आहेच, एकदा नेऊन टाकू, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही म्हणाला. मग म्हणायचं बंद झालं, कारण अंगठा आपला आपण जायला लागला होता. लॅपटॉप उघडला की अंगठा कोपऱ्यात. टाइप करताना बाकीची बोटं थोडी तिरकी. शेजारचं बिऱ्हाड घर सोडून जातं आणि आपल्याला ते पुढच्या महिन्यात कळतं, तशी वॉरंटी निघून गेली. नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदाराला त्याने कारण सांगितलं होतं, जुना जरा हळू झालाय. हे सांगतानाही त्याला ते खरंच वाटलं होतं.

"सांगितलंत का?" मामीने परत विचारलं.

"हो. सांगितलं."

"कधी? मी तर तिथेच होते."

"तू आत ताईबरोबर भांडी पुसत होतीस ना, तेव्हा. म्हटलं, टिटवे, इथे जरा धरून ठेवावं लागतं हं. ती म्हणाली, बरं."

मामी पुन्हा पर्समध्ये शोधायला लागली. मामा खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्या खोट्यात पुसलेली भांडीसुद्धा आली होती, टिटवीचं 'बरं'सुद्धा आलं होतं. एवढं भरगच्च खोटं तो बऱ्याच वर्षांत बोलला नव्हता, आणि तेही फुकट. मामी रागावणार नव्हती. कुणीच रागावणार नव्हतं. उतरल्यावर एक फोन केला असता तर टिटवी हसून म्हणाली असती, मामा, तुझा लॅपटॉप तुझ्यासारखाच हट्टी आहे.

पण फोन केला तर पास परत घ्यावा लागला असता. आणि मोडका लॅपटॉप भाचीच्या गळ्यात मारला, असंही कुणी म्हटलं असतं. ताई म्हणाली नसती. भाऊजी चेष्टेत म्हणाले असते. त्या चेष्टेसाठी मामाने फोन उद्यावर ढकलला.

उद्या त्याला तपासणी होती. परवा

पुन्हा सुरू

परवा सर्दी होती. असे बरेच दिवस गेले, आणि मग टिटवीच आली.

ती ऑफिसात आली. याआधी कधी आली नव्हती. मामा तिला खाली कँटीनमध्ये घेऊन गेला. दुपार होती, टेबलं नुकतीच पुसलेली, ओलसर. टिटवी बसली आणि काही बोलली नाही. टिटवी गप्प बसली आहे असा प्रसंगच कधी आला नव्हता.

"मामा, मी तुझा लॅपटॉप बिघडवला."

"म्हणजे?"

"मध्येच बंद पडतो. आधी वाटलं चार्जिंग. मग रोज व्हायला लागलं. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला उघडावा लागेल, वॉरंटीत आहे का, तर वॉरंटी नाही. बाबांना सांगितलं. बाबांनी विचारलं, कुणाच्या हातात होता?" ती नखाने टेबलाची कड खरवडत होती. "मी आठवून बघितलं मामा. मी पलंगावर घेऊन बसायचे. गोधडीवर ठेवायचे, तिथे गरम होतो म्हणे. एकदा त्याच्यावर बिस्किट खाल्लं. म्हणजे समोर खाल्लं, पण चुरा पडला असेल. आणि एकदा बाबांवर चिडले होते, तेव्हा झाकण जोरात आपटलं. बहुतेक तेच असेल. झाकणच असेल ना?"

मामा टेबलावरचा ओला डाग बोटाने पुसत राहिला.

"बाबा म्हणाले, आधी जाऊन मामाची माफी माग. तू पास करून दिला होतास ना." आता तिचा आवाज फाटला. "आणि ते म्हणतात, तिथे शिकवताना हातात महागाची यंत्रं देतील, घरात दिलेलं एक यंत्र हिला सांभाळता येत नाही, हिला कशाला पाठवायचं. माझा नंबर लागलाय मामा. फक्त त्यांची सही हवीय. ते म्हणतात, नाही देणार."

इथे मामाने बोलायला हवं होतं. जागा अगदी तयार होती. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण टिटवी डोळ्यांत पाणी आणून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात तो इतका मोठा माणूस होता, इतका, की

"असू दे गं," मामा म्हणाला. "होतं असं. मी काही रागावलो नाही."

"खरंच?"

"अगं, वस्तू आहे ती. वस्तू काय, मोडणारच. जा, तोंड धुऊन ये. कॉफी घे."

आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

टिटवी म्हणाली, "थँक्यू मामा," आणि रडली, आणि हलकी झाली, आणि कॉफी प्यायली. आपण उदार झालो आहोत असं मामाला क्षणभर वाटलं. वाटलं म्हणजे अगदी छातीत वाटलं, उबदार. मग ती गेली. तो वर आपल्या टेबलाशी गेला, आणि खुर्चीत बसता बसता त्याला कळलं की त्याने काय केलं होतं. कान तापले. शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखिकेने विचारलं, "काय झालं, ताप आहे का?"

"नाही," मामा म्हणाला. "भाची आली होती."

अर्धी वाक्यं

आरशासमोर, दाढी करताना: टिटवे, ते काय आहे ना, त्या लॅपटॉपला आधीपासूनच एक छोटीशी

फोनवर, ताईने उचलल्यावर: ताई, भाऊजींना सांग की यात पोरीची काही

("काय म्हणतोस? ऐकू येत नाही, मिक्सर चालू आहे." "काही नाही, सहज केला होता.")

बसमध्ये, मनात: भाऊजी, तुमच्या गोदामात कधी असं होतं का, की शिक्का मारणाऱ्याकडूनच

जेवताना, मामीला: अगं, मी तुला त्या दिवशी बसमध्ये म्हटलं होतं ना, ते

("मीठ कमी आहे का?" "नाही, बरोबर आहे.")

मोबाइलवर, टाइप करून: टिटवे लॅपटॉपमध्ये दोष तुझ्यामुळे

हे शेवटचं पाठवायचं राहिलं होतं, आणि बरंच झालं, कारण अर्धवट पाठवलं असतं तर उलटाच अर्थ निघाला असता. मामाने एकेक अक्षर मागे घेतलं.

मधला मजला

त्याच आठवड्यात एका इमारतीत तपासणी होती. जुनी, नीट राखलेली इमारत. रखवालदार बरोबर फिरत होता, विजेरी धरत होता, बोलका होता.

"साहेब, तिसऱ्या मजल्यावर तेवढं दार दोनदा ओढावं लागतं. एकदा ओढलं तर लागल्यासारखं वाटतं, पण लागत नाही."

"कधीपासून?"

"झाली वर्षं. आता सगळ्यांच्या हाताला सवय झाली आहे. कुणाला काही वाटत नाही."

"सवय झाली म्हणजे दोष गेला का?" मामा खेकसला. "उद्या कुणी नवा माणूस येईल. त्याच्या हाताला सवय आहे का? तो एकदाच ओढेल. मग काय करायचं?"

रखवालदार घाबरला. "म्हणून तर चिठ्ठी लावली आहे साहेब. नव्या माणसाला मी स्वतः सांगतो. पाहुण्यांनासुद्धा सांगतो."

मामाने विजेरी त्याच्या हातातून घेतली आणि दाराच्या पट्टीवर मारली. तिथे खरंच एक चिठ्ठी होती, मोठ्या अक्षरांत, चारी कडा चिकटवलेली. मामाने लिफ्ट नापास केली. नियमाने तेच बरोबर होतं. पण "साहेब, पाणी आणू का?" असं रखवालदाराने विचारलं तेव्हा त्याला त्या माणसाकडे बघवलं नाही.

जादू

शेवटी भाऊजींनीच रविवारी जेवायला बोलावलं. "तपासनीस, या. तुमचा माल परत तुमच्यासमोर मांडतो. एकदा शेवटचा निकाल द्या, म्हणजे विषय संपला."

मामा जाताना ठरवून गेला होता. बसमध्ये बसून ठरवलं, जिना चढताना ठरवलं, आणि दारात ताईने "आलास?" म्हटलं तेव्हाही ते ठरलेलंच होतं. जेवण झालं की सांगायचं. मग वाटलं, जेवणाआधीच सांगू.

पण लॅपटॉप आधीच टेबलावर होता. ताटं कडेला सरकवलेली. भाऊजी, ताई, मामी गोल करून उभे. टिटवी जरा मागे, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून.

"हे बघा," भाऊजी म्हणाले, आणि बटण दाबलं. पडदा उजळला, आणि विझला. पुन्हा दाबलं. उजळला, विझला. "महिनाभरात मारून टाकला पोरीने. बघा तुम्ही."

त्यांनी लॅपटॉप मामापुढे सरकवला. मामा बोलायला तोंड उघडणार होता. त्याआधी त्याने लॅपटॉप स्वतःकडे फिरवला, झाकण थोडं मागे केलं, बटण दाबलं.

पडदा उजळला. उजळलेलाच राहिला.

"अरे!" ताई म्हणाली.

"बघितलंत!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "हात लागल्याबरोबर चालला! याला म्हणतात माणूस!" आणि मग मागे वळून, "बघ टिटवे. मामाच्या हातात चालतो, तुझ्या हातात मरतो. म्हणजे यंत्र चांगलंच आहे. दोष कुठे आहे, ते आता तूच सांग."

टिटवीने सांगितलं नाही. ती मामाच्या डाव्या हाताकडे बघत होती.

मामानेही खाली बघितलं. अंगठा कोपऱ्यात होता. नखाच्या टोकाशी रक्त मागे सरून पांढरा पडला होता. केव्हा गेला, कुणाला विचारून गेला, कळलं नाही. तो काढून घ्यावा तर पडदा विझणार, ठेवावा तर टिटवी बघतेय. मामा तसाच उभा राहिला, चोराने दुसऱ्याच्या खिशात हात घालावा आणि तो तिथेच अडकावा तसा. ताई कौतुकाने हसत होती. मामी हसत नव्हती.

त्याने अंगठा उचलला. पडदा काळा झाला.

"हत्तेरी," भाऊजी म्हणाले. "थांबा. आज याचा निकालच लावू. कंपनीला फोन करतो. स्पीकरवर ठेवतो, सगळ्यांनी ऐका, आणि हिच्या हातून नेमकं काय झालं, तेही कळेल."

स्पीकरवर

"आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तक्रारीसाठी दोन दाबा."

भाऊजींनी दोन दाबलं. मग बराच वेळ बासरी वाजली. ताईने तेवढ्यात ताटं झाकली.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?" एक तरुण आवाज.

"लॅपटॉप मध्येच बंद पडतो."

तिने मागचा नंबर विचारला, भाऊजींनी लॅपटॉप उलटा करून वाचून दाखवला.

"सर, याची वॉरंटी संपलेली आहे. बरेच महिने झाले."

"ते माहीत आहे. पुढे काय?"

"सर, आता दुरुस्ती खर्चाने होईल. पण एक आहे. दोष वॉरंटीच्या काळातच सुरू झाला असेल, तर मी वरिष्ठांकडे विनंती पाठवू शकते. दोष पहिल्यांदा कधी दिसला?"

"गेल्या महिन्यात," भाऊजी म्हणाले. "माझ्या मुलीच्या हातात आल्यावर."

मामी खोकली. खोकला आलेला नव्हता.

"त्याआधी कोण वापरत होतं, सर?"

"माझे मेव्हणे. ते लिफ्ट तपासतात. त्यांच्याकडे काही बिघडत नसतं."

"मग सर, म्हणजे गेल्या महिन्यातच असं लिहू का मी?"

"लिहा."

"लिहू नका," मामा म्हणाला.

"हॅलो? कोण बोलतंय, सर?"

 टेबलावर मधोमध फोन पडला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, जणू ती मुलगीच तिथे बसली होती.

"मेव्हणा बोलतोय," मामा म्हणाला. "वॉरंटी होती तेव्हापासून आहे ते."

"मग तेव्हा तक्रार का नोंदवली नाहीत, सर?"

"मी अंगठ्याने दाबत होतो."

"काय म्हणालात, सर?"

"अंगठ्याने. डाव्या कोपऱ्यात. दाबून धरलं की चालतो."

"म्हणजे दोष आपल्याला माहीत होता."

"हो."

"बरं, सर." ती टाइप करत होती, बटणांचा आवाज येत होता. "मी विनंती पाठवते, पण आश्वासन देता येणार नाही. तेव्हाच कळवलं असतंत तर फुकट झालं असतं. आणखी काही मदत करू शकते का मी?"

"नाही," मामा म्हणाला.

ताईने हळूच विचारलं, "आणि आम्हाला देताना?"

"देताना लक्षातच नव्हतं, ताई. शपथेवर सांगतो. अंगठा आपोआप"

"बसमध्ये मी आठवण केली होती," मामी म्हणाली. ती रागाने म्हणाली नाही, चूक दुरुस्त करावी तशी म्हणाली. "मला म्हणालात, सांगितलं. मी भांडी पुसत होते तेव्हा सांगितलं म्हणालात."

"भांडी आपण पुसलीच नव्हती त्या दिवशी," ताई म्हणाली. "पाणी गेलं होतं."

आणि फोनमधून, बासरीसह: "आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? अतिशय समाधानी असल्यास पाच दाबा."

भाऊजींनी फोन बंद केला.

त्यांनी मामाकडे बघितलं. चेष्टा करतील असं मामाला वाटलं होतं. जी चेष्टा चुकवण्यासाठी एवढं सगळं केलं होतं, ती आता झाली असती तर त्याने दोन्ही हातांनी घेतली असती. पण भाऊजींनी लॅपटॉपचं झाकण लावलं, सावकाश, आवाज न करता. मग टिटवीला म्हणाले, "ते प्रवेशाचं पत्र आण. सही करतो."

टिटवी हलली नाही.

"आण म्हटलं ना."

"आणते," ती म्हणाली. मग दारापासून पुढे टेबलाशी आली. मामाच्या समोर. "मामा, कँटीनमध्ये तू मला माफ केलंस."

"टिटवे, ऐक, मी"

"डोक्यावर हात ठेवलास."

"हो."

"मी रात्री परत परत आठवत होते, झाकण किती जोरात आपटलं होतं. आणि तू म्हणालास, मी रागावलो नाही." ती रडत नव्हती. रडली असती तर मामाला काहीतरी करता आलं असतं, पाणी देता आलं असतं. "ते परत घे."

"काय?"

"माफी. तू दिलीस ती. परत घे."

"अगं, ती कशी परत घेणार?"

"मला काय माहीत? तू दिली आहेस."

ताई म्हणाली, "टिटवे, पुरे." भाऊजींनी हाताने ताईला थांबवलं.

मामाने टेबलाची कड धरली. दोन्ही हातांनी, म्हणजे अंगठे तरी कुठे जाणार नाहीत.

"तू आलीस तेव्हा," तो म्हणाला, "माफ करण्यासारखं काही नव्हतंच. तुझ्याकडून काही झालं नव्हतं. मला ते माहीत होतं. सगळं माहीत होतं. तरी मी तुला माफ केलं, कारण"

तो थांबला. इतके दिवस सगळी वाक्यं इथेच थांबत होती.

"कारण?" टिटवी म्हणाली.

"कारण तुला माफ करताना मला बरं वाटत होतं."

टिटवीने मान डोलावली. अनोळखी माणसाने सांगितलेला पत्ता समजला की डोलावतात तशी. मग ती पत्र आणायला आत गेली. ताईने ताटांवरची झाकणं काढली, भाऊजी पेन शोधायला लागले, मामी खुर्ची ओढून बसली.

मामाला 'बस' असं कुणी म्हटलं नाही. 'जा' असंही कुणी म्हटलं नाही. तो उभाच राहिला.